तेविसावं नाव

फुलामावशी गेल्याचा मेसेज आला तवा मी एका काकाचा पीक विम्याचा फॉर्म भरून राह्यली होती. "सहेली सहल, अनसिंग" नावाचा ग्रुप आहे, तिनंच काढेल, त्याच्यावर आला. खाली धडाधड हात जोडेल. मी वाचलं, मोबाइल उलटा ठेवला अन् काकाले इचारलं, "गट नंबर सांगा." त्यायनं सांगतला. मी टाइप केला. एकबी आकडा चुकला नाई. प्रिंट काढली, पावती देल्ली, पुढच्याले बसवलं.

मले रडू आलं नाई. आज बारा दिवस झाले, अजून नाई आलं. दाताचा डॉक्टर सुई मारते अन् मंग गाल आपला नसल्यासारखा होते ना, तसं आहे. चिमटा घेतला तरी कोणाचा तरी दुसऱ्याचाच घेतल्यासारखं. आई म्हणते, बोल कोणाशी तरी. मी बोलण्यापेक्षा टाइप पटकन करते. म्हणून बसली. सगळं एका दमात सांगते, मधात थांबली तर राहूनच जाईन.

वाशीमच्या बस स्टँडसमोर माझं ऑनलाइन सेंटर आहे. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, चार खुर्च्या. फुलामावशी म्हंजे पंचफुला, एसटीत कंडक्टर होती. वाशीम-अनसिंग-पुसद, त्याच रस्त्यावर चोवीस वर्सं. मले ती कॉलेजात जातानापासून माहीत. तवा ती तिकीट फाडे अन् म्हणे, "सरका पुढं, मधात पूरा फलाट रिकामा हाये." मधात बोट ठेवाले जागा नसे. पण ती म्हणे तर लोकं सरकत, अन् खरंच जागा निघे. ते कसं होई मले अजून नाई समजलं.

रिटायर झाल्यावर ती माझ्या दुकानात रोज एक चक्कर मारे. बसत नसे. चार खुर्च्या खाली असल्या तरी दाराच्या चौकटीले पाठ टेकून, पाय जरा फाकवून उभी. बस चालू असल्यावर कंडक्टर कसे उभे राहतात, तशी. हात कशालेच धरत नाई.

मी म्हटलं, "मावशी, दुकान हालून राह्यलं काय?"

"माया पायाले इचार," ती म्हणे. "त्यायले अजून ऑर्डर नाई आली रिटायरची."

बोलता बोलता तिचा अंगठा अन् बोट आपसात टकटक करे, जुना तिकिटाचा पंच हातात असल्यासारखा. अन् कोणत्याबी ठिकाणाहून निघताना, लग्नाच्या मांडवातून, दवाखान्यातून, माझ्या एवढ्याशा दुकानातूनबी, एकदा मांगं पाहून म्हणे, "मांगं कोनी राह्यलं काय?"

त्याची गोष्ट तिनंच सांगतली होती. नोकरीच्या पयल्या वर्साची. अनसिंगच्या स्टॉपवर एक म्हातारा पाणी प्याले उतरला, हिनं पाह्यलं नाई, डबल बेल मारली. गाडी तीन-चार किलोमीटर गेल्यावर एक म्हातारी उठून उभी राह्यली. ओरडली नाई, काई नाई. नुसती शेजारच्या रिकाम्या सीटवर हात ठेवून हिच्याकडे पाहत राह्यली. ड्रायव्हर शिव्या देत होता, प्याशिंजर बोंबलत होते, तरी हिनं गाडी फिरवाले लावली. म्हातारा नळापाशीच उभा होता, लोटा भरून. बायकोसाठी पाणी आणाले उतरेल होता.

"तवापासून," मावशी म्हणे, "मी बेल मारतो ते मुंडकं मोजून. चेहरा गिहरा पाहत नाई. मुंडकं."

अन् मोजताना ती प्रत्येकाच्या खांद्याले हात लावे. हळूच. मलेबी लावे, दुकानात एकटी असली तरी. "एक," म्हणे.

रिटायर झाल्यावर बाया तिले सोडतील काय! अनसिंगच्या बायायनं धरून आणली, "आमाले फिराले ने." मंग सुरू झाल्या सहली. पोहरादेवी, मंग माहूर, मंग शेगाव, मंग दूर दूर. ट्रॅव्हल्सची गाडी करे, फुलामावशी म्होरं ड्रायव्हरच्या बाजूच्या सीटवर. बाकी टूरवाले देवळाची यादी देतात. हिची यादी वेगळीच राहे. पयलं कॉलम, संडास कुठी. दुसरं, पाणी कुठी. तिसऱ्यात देव. म्हणे, "देव थांबते. ते दोन थांबत नाई."

मंग एक दिवस ती मोबाइल घेऊन आली. जहाजाची जाहिरात. मुंबईहून सुटते, समुद्रात एक अख्खा दिवस, तिसऱ्या दिवशी गोवा, चौथ्या दिवशी सकाळी वापस.

"वाच," ती म्हणली. "पूरं वाच. बारीक अक्षरातलंबी."

मले तर कोणी वाच म्हटलं की झालंच! मी खुर्चीच फिरवली. "मावशी, अकरा माळे!"

"अकरा? आपल्या कलेक्टर ऑफिसले किती हाये?"

"वर स्विमिंग पूल."

"काहून? समुद्रात पानी कमी पडते काय?"

"थेटर, रोज रात्री नाचगाणं. जिम. मालिश करून घ्याची खोली."

"बाई करते का मानूस?"

"लिहेल नाई. जेवण चार टाइम, पाह्यजे तेवढं, सगळं तिकिटातच. जैनबी भेटते."

"च्या?"

"च्याबी तिकिटात. दारू वेगळी, मालिश वेगळी, इंटरनेट वेगळं, खाली उतरून फिराचं वेगळं."

"अन् सीट कशी हाये?"

"सीट नाई मावशी, खोली आहे! पलंग, एसी, आपला आपला बाथरूम. दोन-दोन जणीले एक."

तिचं अंगठा-बोट टकटक करत होतं ते थांबलं. मंग म्हणली, "अन् बेल कोन मारते?"

"कोणती बेल?"

"जहाज सुटाची."

"कॅप्टन असते ना. भोंगा वाजवते."

"म्हंजे मले नाई माराची." चौकटीवरून तिची पाठ जराशी सुटली. "पोरी, चोवीस वर्सं मी गाडीत रोज गेली, पन एकबी दिवस कुठी गेली नाई. मले अशी गाडी पाह्यजे जिची बेल दुसरा मारन अन् मी खिडकीपाशी बसून राहीन. येवढंच पाह्यजे. पूल गिल नको."

मी फुलामावशीले काई मागताना पयल्यांदाच ऐकलं होतं. मले इतका आनंद झाला का मी तिथल्या तिथं ग्रुपवर जाहिरात टाकली, खाली आठ-दहा जहाजं चिपकवले. संध्याकाळपर्यंत बावीस बाया तयार!

मंग दोन महिने नुसती धमाल. कोणाचं आधार कार्ड नवऱ्याच्या नावानं, जन्मतारीख तर सगळ्यायची एकच, एक जानेवारी. पद्माकाकू म्हंजे सगळ्यायत तोंडाळ. तिनं इचारलं, "जहाजात पीठ नेता येते काय? त्यायच्या पोळ्या मैद्याच्या राहतात म्हंते." मावशी म्हणली, "पीठ ने, शेगडी ने, सासूले ने. मंग समुद्र कायले पाह्यजे, घरीच राह्य."

गोव्यात उतरून फिराचं जहाजवाल्याचं वेगळं पॅकेज होतं. किल्ला, चर्च, बाजार. मी म्हटलं तेच घेऊ, कारण बारीक अक्षरात लिहेल होतं, त्यायच्या गाडीले उशीर झाला तर जहाज थांबते. आपण आपली गाडी केली अन् उशीर झाला तर थांबत नाई.

मावशीनं ते दोनदा वाचाले लावलं. मंग म्हणली, "मले उशीर होईन?"

हे तिनं रागात नाई म्हटलं. खरंच इचारून राह्यली होती.

मंग तिनं गोव्याच्या एका गाडीवाल्याले माझ्याच दुकानातून फोन लावला. स्पीकरवर.

"भाऊ, दोन ट्रॅव्हलर पाह्यजे. बावीस बाया. बंदराच्या गेटवर."

"मिळतील बाई. काय काय बघायचंय? बीच, चर्च, मसाल्याची बाग..."

"ते मंग. आंधी सांगा, संडास कुठी कुठी हाये?"

मंग तो माणूस इतका हसला का स्पीकर फाटला. पण त्यानं सांगतले, एकएक. हिनं डायरीत लिहून घेतले. जहाजात वापस चढाची शेवटची वेळ साडेचारची होती. हिनं डायरीत लिहिलं, अडीच.

आता नावाचं.

बुकिंगच्या दिवशी ती डायरी घेऊन आली अन् नावं सांगाले लागली. मी टाइप करते. मले फास्ट टाइप कराचा असा माज होता का ती आडनाव म्हणेपर्यंत माझी जन्मतारीख टाकून होई. "हळू टाक," ती म्हणे, अन् मी म्हणे, "तुमी सांगा मावशी, मी पोचली बी!" अकरा खोल्या, दोघी-दोघी. बावीस. पैसेबी बावीसचेच आले, बरोबर जुळले. एकबी खोली अर्धी राह्यली नाई. मी एंटर मारला अन् खुर्चीवरच गिरकी घेतली.

तिनं डायरी मिटली. मोजलं, बावीस. दाराशी थांबून मांगं पाह्यलं अन् म्हणली, "मांगं कोनी राह्यलं काय?"

मी म्हटलं, "कोणीच नाई!"

मुंबईले ट्रॅव्हल्सची गाडी करून गेल्या. गाडीत मावशी म्होरंच, तिच्या जागेवर. तिथं तिकीटच नव्हतं, म्हणून काई समजलं नाई. दुपारी एक वाजता मले फोन आला. मांगं लय कलकल, बायायचं हसणं, बॅगांचे चाकं.

"पोरी," मावशी म्हणली, "माया कागद कोनता हाये? इथी काउंटरवर ह्या माणसापाशी बावीसच हाये."

मी फाइल उघडली. वरून खाली पाह्यली. खालून वर पाह्यली. माझ्या कानात नुसतं गरम झालं.

"मावशी... तुमचं नाव तुमी देल्लंच नाई."

मले तिकडचा तो काउंटरवाला ऐकू येत होता, "नेक्स्ट, नेक्स्ट." मंग ती हसली. खरं हसली.

"बरोबर हाये," म्हणली. "कंडक्टर कुठी तिकीट काढते!"

चोवीस वर्सं गाडीत सगळ्यायले मोजलं, स्वतःले सोडून. डायरीत तसंच. खांद्याले हात लावताना तसंच. तिचं समजू शकते. पण मी? मी काहून नाई म्हटलं, "अन् तुमी?" दोनच शब्द होते. त्याले किती टाइम लागला असता? मी तर आधीच पोचेल होती.

मी लय फोन केले. कंपनीले, एजंटले. यादी बंद झाली म्हणे, खोली नाई म्हणे. काउंटरवर पद्माकाकूनं बॅग आपटली, "मी राहतो, हिले जाऊ द्या! माया नवरा तसाबी नको म्हनत होता." मावशीनं तिच्या खांद्याले हात लावला अन् पुढं ढकललं.

"एक," म्हणली.

मंग एकएकीले, खांद्याले हात लावून, बावीसच्या बावीस. शेवटची आत गेली अन् ही बाहेर राह्यली. आपली पिशवी घेऊन. तिथी मात्र तिनं मांगं कोनी राह्यलं काय असं इचारलं नाई, म्हणे. पद्माकाकूनं आतून कान देऊन ऐकलं होतं.

मले वाटलं वाशीमले वापस येईन. संध्याकाळी तिचा फोन.

"पोरी, गोव्याची एसटी कुठून लागते?"

"कायले मावशी?"

"कायले म्हंजे? परवा त्यायले खाली कोन फिरवन?"

अन् गेली! जहाज समुद्रातून, ही रस्त्यानं. तिसऱ्या दिवशी सकाळी बाया जहाजातून उतरून बंदराच्या गेटवर आल्या तर दोन ट्रॅव्हलर उभ्या, अन् पयलीच्या दाराशी फुलामावशी, पाठ टेकून, पाय फाकवून. म्हणली, "सरका, सरका, आंधी मुतून घ्या सगळ्या. उजव्या हाताले हाये."

मी तिथी नव्हती. पद्माकाकूनं नंतर सांगतलं, हातवारे करून. बायायनं तिच्यासाठी जहाज खाली आणेल होतं. इवलेसे साबण, शाम्पूच्या बाटल्या, पायातल्या पांढऱ्या चपला, उशीवर ठेवतात ते चॉकलेट. खोली साफ करणारा पोरगा टावेलचा हत्ती करून पलंगावर ठेवे, तर एक बाई तो हत्ती लेकरावानी कडेवर घेऊन उतरली, सोंड मोडू नाई म्हणून. मावशीनं सगळं घेतलं. हत्ती पाह्यला, सोंडीवर हात फिरवला, अन् म्हणली, "हा त्यायचा टावेल हाये. वापस ने."

गाडीत सगळ्या एकदम बोलत. समुद्रात पयल्या दिवशीचं जेवण! बुफे होता. आपापलं घ्याचं अन् खायाचं. पण आपल्या बाया, पंगतीत सगळ्यायले वाढून झाल्याबिगर पयला घास कोण घेईन? वीस जणी भरलेल्या प्लेटा घेऊन बसल्या, शेवटच्या दोघी लायनीतच. जेवण थंडं. वेटर येऊन इचारे, "एनी प्रॉब्लेम मॅडम?" मंग पद्माकाकू उठली, त्याच्या हातातलं भाताचं भांडं घेतलं अन् वाढाले लागली. "घ्या, घ्या, अजून घ्या." बाजूच्या टेबलावर कोणी गुजराती माणसं होते, त्यायलेबी वाढलं. दुसऱ्या दिवशी तर त्या वेटरनंच सगळे टेबल एका लायनीत लावून ठेवले.

मावशी हे सगळं म्होरच्या सीटवरून ऐके. मधात एकच गोष्ट इचारली, "भोंगा कसा वाजते?"

कोणीच नीट ऐकला नव्हता. जहाज सुटलं तवा सगळ्या खोलीत पलंगावर उड्या मारून पाहत होत्या.

अडीच वाजता गाड्या गेटवर. खांद्याले हात, बावीस. सगळ्या आत. मावशी म्हणे बंदराच्या भिंतीबाहेर एक चहाची टपरी होती तिथी साडेपाचपर्यंत उभी राह्यली. मंग मले फोन केला.

"वाजला," म्हणली.

"काय?"

"भोंगा. लय मोठा राहते वं. पोटात वाजते."

मी सॉरी म्हणाले तोंड उघडलं, तर तिनं फोन ठेवला. गाडी होती तिची. चौथ्या दिवशी सकाळी बाया मुंबईत उतरल्या तवा ही गेटवर हजर, एकएकीचा खांदा मोजत.

वाशीमले आल्यावर तिनं एकदाबी तो विषय काढला नाई. उलट स्टँडवर सांगत फिरे, "पोरीनं येवढं चोख बुकिंग केलं, बावीसच्या बावीस बसल्या." ते ऐकलं की मी दुकानात खाली पाही. शिव्या देल्ल्या असत्या तर बरं झालं असतं.

ह्या वर्सी बाया पुन्हा तयार झाल्या. आता मी म्हटलं, मावशी, डायरी ठेवा बाजूले. पयलं नाव मी टाकते. अन् टाकलं. एक नंबर, पंचफुला. तेवीस जणी म्हंजे एक खोली एकटीची, ती तिले. खिडकीवाली.

"एकटीले खोली?" ती म्हणली. "मंग सरका कोनाले म्हनू?"

पण तिनं स्क्रीनवर आपल्या नावाले बोट लावलं. खांद्याले लावते तसं, हळूच. "एक," म्हणली.

मंग तिले दम लागाले लागला. चौकटीले टेकून उभी राहतानाबी लागे. एक दिवस ती खुर्चीवर बसली. मी प्रिंटरमधे कागद भरत राह्यली.

तिची लेक नागपूरले असते, तिनं मोठ्या डॉक्टरले दाखवाले बोलावलं. आमाले वाटलं आठ-दहा दिवसात येईन. पुढचं मेसेजमधे आलं.

तिचं बुकिंग अजून तसंच आहे. मी एकदा कॅन्सल कराले उघडलं. साइट कारण इचारते. प्लॅन बदलला, तारीख जमत नाई, इतर. मी पंधरा मिनिट ते पाहत बसली अन् बंद केलं. ग्रुपवर इचारलं काय करू, तर पद्माकाकूनं लिहिलं, "राहू दे तिचं नाव." जहाज सुटाले अजून महिना आहे. मलेबी चल म्हणून राह्यल्या. मी जाईन का नाई माहीत नाई.

नागपूरले गेली त्या दिवशी मी तिची पिशवी घेऊन स्टँडवर गेली होती. सकाळचे दहा. बस लागेल होती. मी म्हटलं म्होरं बसन, तर ती मधातल्या सीटवर गेली, खिडकीपाशी. कंडक्टर ओळखीचा, तिच्याच हाताखाली शिकेल. तो म्हणला, "बाई, तुमचं काय तिकीट?"

"काट," ती म्हणली.

त्यानं मशीनवर काढून देल्लं. मी बाहेर, काचेखाली उभी. तिनं ते तिकीट दोन बोटात धरलं अन् आतून काचेले लावलं, मले दिसावं म्हणून. काच धुळीनं भरेल, अक्षर एकबी दिसलं नाई. मी मान हलवली का दिसलं म्हणून.

मंग कंडक्टरनं डबल बेल मारली. ती बसेलच होती. बस फिरून गेटातून बाहेर गेली तवा मी पाहत होती, आता ती मांगं पाहीन, आता पाहीन. तिनं पाह्यलं नाई. ती खिडकीतून बाहेर पाहत होती.